शंभराची कुपी आणि दहा कोंबड्या



आपल्या या अंकातून उसाच्या जाती, खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या आणि तोडणीचा कार्यक्रम यांबद्दल नेहमी लिहिले जाते. ते योग्यच आहे. कारखाना उसाचा आहे. परंतु ज्या घरातून ऊस येतो त्याच घराच्या परसात पाच-दहा कोंबड्या टिपत असतात, आणि त्यांच्याबद्दल सहसा कोणी चार ओळी लिहीत नाही. कारण सरळ आहे. ऊस बापयांचा, कोंबड्या बायकांच्या, अशी आपली वाटणी झालेली आहे.

उसाचे बिल बँकेत जमा होते. त्यातून सोसायटीची वसुली होते, उरलेले खात्यावर पडते, आणि ते खाते बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर असते. अंड्याचा पैसा मात्र थेट बाईच्या हातात येतो. तो डाळीच्या डब्यात राहतो आणि पोराची वही, म्हातारीचे औषध, भिशीचा हप्ता अशा वेळी बाहेर निघतो. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते असे धरले, तरी दहा कोंबड्यांची सहाशेच्या वर होतात. आज गावरान अंड्याला काय दर मिळतो तो ज्याने त्याने लावून पाहावा. शिवाय पोरांच्या पोटात जाते ते वेगळेच. एवढे उत्पन्न एका आठवड्यात बुडते, खुराडे रिकामे होते, आणि आपण म्हणतो, ‘हवा आली अन् कोंबड्या गेल्या.’

माझे म्हणणे असे की ती हवा नव्हे. तो रोग आहे, त्याला नाव आहे, त्यावर लस आहे. आणि तरीही तो दर दोन-चार वर्षांनी गाव झाडून नेतो, याचे कारण आपल्या वागण्यात आहे. ते वागणे एकट्याने बदलून भागायचे नाही, सर्वांनी मिळून बदलावे लागेल. म्हणून हा विषय सहकाराच्या अंकात मांडतो आहे.

रोगाची ओळख

गावात ज्याला आपण मानमोडी म्हणतो तोच राणीखेत रोग. १९२७ च्या सुमारास कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत गावी तो आपल्या देशात प्रथम ओळखला गेला म्हणून हे नाव पडले. त्याच सुमारास, १९२६ साली, इंग्लंडात न्यूकॅसल येथे तो आढळला होता, म्हणून तिकडे तो न्यूकॅसलच्या नावाने ओळखतात. म्हणजे रोगाची ओळख पटून शंभर वर्षे होत आली. मोठी कोंबडी झाली की पंखाखाली टोचतात ती लस त्याच कुमाऊँ भागातील मुक्तेश्वरच्या नावाने आजही ओळखली जाते. रोग देशातला आणि लसही देशातली, तरी आपल्या परसात मर चालूच आहे, ही शरमेची गोष्ट आहे.

लक्षणे घरातल्या बाईला सांगायला नकोत, ती तिने पाहिलेली असतात. कोंबडी पंख ढिले सोडून एका कोपऱ्यात बसते, दाणा टिपत नाही, चोच उघडून घरघर श्वास घेते, हिरवट पातळ हगते. जी त्यातून तगते तिची मान पिरगळते, पाय किंवा पंख लुळे पडतात. अंडी कमी होतात, मऊ कवचाची किंवा वेडीवाकडी येतात. लस नसलेल्या कळपात जोराची साथ शिरली तर शंभरातल्या नव्वदही जातात. रोग अंगात शिरल्यापासून दिसायला साधारण पाच-सहा दिवस लागतात, कधी पंधरवडाही लागतो. हे दिवस नीट ध्यानात ठेवावेत, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे.

रोग विषाणूचा असल्याने त्यावर औषध नाही. लसूण, हळद, कडू तेल पाजणाऱ्या मायमाउलीचा जीव तुटतो म्हणून ती पाजते. तिला हसू नये. पण त्याने हा रोग हटत नाही. मेडिकलच्या दुकानातून माणसाच्या गोळ्या आणून पाण्यात विरघळवल्या तरी हटत नाही. पैसा जातो आणि दोन दिवस फुकट जातात. त्या दोन दिवसांत शेजारच्या तीन घरी रोग पोचलेला असतो.

रोग कोण वाहतो

आता अवघड गोष्ट बोलतो. कोंबडी मलूल दिसली की आपण पहिले काम काय करतो? ती विकतो, नाही तर कापतो. ‘आज विकली तर चार पैसे, उद्या मेली तर उकिरड्यावर,’ हा हिशेब चुलीपाशी बसून केला तर बरोबर वाटतो. करणाऱ्याला मी दोषही देत नाही, कारण गरज असते. पण हा हिशेब गावाच्या वहीत मांडा. ती कोंबडी आठवडे बाजारात दहा गावच्या कोंबड्यांबरोबर एका डालग्यात बसते. संध्याकाळी ज्या विकल्या जात नाहीत त्या आपापल्या गावी परततात आणि रोग घेऊनच परततात. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी जाळीचे पिंजरे बांधून फिरणारा व्यापारी सकाळी एका वाडीवर, दुपारी दुसऱ्या वाडीवर. त्याच्या पिंजऱ्याची विष्ठा आपल्या दारात सांडते. मागच्या महिन्यात दुसऱ्या कोणीतरी असाच चुलीपाशी हिशेब केला, म्हणून आज आपले खुराडे बसले. आपण केलेला हिशेब पुढच्या महिन्यात आणखी कोणाचे खुराडे बसवील.

कापलेल्या कोंबडीचेही तसेच. पिसे आणि आतडी उकिरड्यावर टाकली की कुत्री, मांजरे, कावळे ती गावभर करतात. मेलेली कोंबडी पाटात किंवा ओढ्यात सोडणे ही तर जुनीच खोड. खालच्या वस्तीवरची जनावरे तेच पाणी पितात आणि कोंबड्याही त्याच पाटावर येतात. काही घरांत बाजारातल्या चिकनच्या दुकानातून आणलेल्या मांसाची धुवणी आणि कातडी आपल्याच कोंबड्यांपुढे टाकतात. घरात दुसरीकडून रोग आणण्याचा याहून सोपा मार्ग नसेल.

आपल्या कार्यक्षेत्रात आणखी एक वाट आहे, तीही मोकळेपणाने मांडली पाहिजे. गळीत हंगाम आला की बीड-अहिल्यानगरकडून तोडणी मजूर येतात. बैलगाडीवर संसार असतो, त्यातच चार कोंबड्याही असतात. कोप्या पडतात तिथे त्या कोंबड्या फिरतात, आपल्याही फिरतात. हंगामात मर लागली की गावात बोलतात, ‘कोप्यांवरून रोग आला.’ कधी आला असेल. पण कोप्यांवर बोलतात, ‘या गावात आल्यावर आमच्या कोंबड्या मेल्या,’ आणि तेही कधी खरे असते. चार-पाच महिने उघड्यावर राहून ऊस तोडणाऱ्या बाईला चार अंड्यांचा आधार आपल्यापेक्षा जास्त लागतो. तेव्हा दोष कोणाचा हे भांडण सोडावे. दोन कळप एकत्र येणार हे आपल्याला दसऱ्याआधीच ठाऊक असते, मग तयारी का नसावी, हा खरा प्रश्न आहे.

लस का दिली जात नाही

‘दवाखान्यात लस मिळते, लोक नेत नाहीत,’ असे अधिकारी म्हणतात. ‘आम्ही गेलो तर लस शिल्लक नव्हती,’ असे लोक म्हणतात. दोन्ही बोलण्यांच्या मुळाशी एक साधी अडचण आहे. लसीची कुपी साधारण शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांच्या मापाने येते. कुपी फोडून द्रावण केले की ते दोन तासांत संपवावे लागते, उरलेले उद्याला चालत नाही. आणि गावातल्या एकाही बाईपाशी शंभर कोंबड्या नाहीत. दहा कोंबड्यांसाठी शंभराची कुपी कोण फोडणार? डॉक्टरही फोडीत नाहीत, बाईही मागत नाही. मोठ्या शेडवाल्याला हा प्रश्नच पडत नाही. त्याच्या पाच हजार पक्ष्यांना लस वेळच्या वेळी होते, परसातली कोंबडी तशीच राहते. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या व इतर पाळीव पक्षी मोजले गेले, त्यांत सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातले होते. एवढे पक्षी कुपीच्या मापात बसत नाहीत म्हणून उघडे पडतात.

सभासद मंडळी, ज्याचे एकट्याचे भागत नाही त्यांनी एकत्र यावे, यासाठीच तर आपण कारखाना काढला. दोन एकर उसासाठी कोणी चरक्यांचा कारखाना उभारीत नाही. मग दहा घरांनी मिळून एक कुपी फोडणे आपल्याला जड का जावे? २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा आपल्याच गावांत गोठ्यागोठ्यांतून गाईबैलांना लस टोचली गेली. तिथे कोणी ‘माझी एकच गाय आहे’ असे म्हणाले नाही. ती शिस्त कोंबडीला लावायची आहे, एवढेच.

काय करता येईल

माझी सूचना अशी. वर्षातून दोन दिवस ठरवावेत. पहिला दिवस मोळी टाकण्याच्या किमान पंधरा दिवस आधी, कारण लस दिल्यापासून अंगात ताकद यायला एक-दोन आठवडे लागतात. दुसरा हंगाम संपताना, होळी-पाडव्याच्या सुमारास. शेतकी गट कार्यालयातल्या चिटबॉयकडे प्रत्येक वस्तीची आणि मळ्याची माहिती असते. कोणाकडे किती कोंबड्या आहेत याची यादी त्याने आणि बचत गटातल्या भगिनींनी मिळून केली, तर कुप्या किती लागतील ते दवाखान्याला आधीच कळवता येईल. तोडणी मजुरांच्या कोप्या पडल्यापासून पहिल्या आठवड्यात त्यांच्या कोंबड्यांनाही लस द्यावी. तो खर्च कारखान्याने करावा. बैलांच्या लसीकरणाची व्यवस्था जशी आपण पाहतो, तशीच हीही पाहावी.

लस देण्याची वेळ महत्त्वाची. गावरान कोंबडी दिवसा हाती लागत नाही. म्हणून भल्या पहाटे, खुराडे उघडण्याआधी, किंवा दिवेलागणीला ती खुराड्यात शिरल्यावर लस द्यावी. आळीचा नंबर आधी सांगून ठेवावा. लस बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणावी. उन्हात पिशवीत लोंबकळत आलेली लस म्हणजे नुसते पाणी. पहिल्या आठवड्यातल्या पिलांना लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, सहा-आठ आठवड्यांच्या पुढे पंखाखाली टोचायची लस, आणि पुढची मात्रा पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे. टोचायची लस लहान पिलांना देऊ नये. पाण्यातून लस द्यायची असेल तर नळाचे औषध टाकलेले पाणी वापरू नये, त्याने लस मरते. विहिरीचे स्वच्छ पाणी घ्यावे. आजारी कोंबडीला लस देऊ नये. आठ-पंधरा दिवस आधी जंताचे औषध दिले तर लस अधिक लागू पडते. कोंबड्यांच्या देवीची लसही दवाखान्यात मिळते, तिचीही चौकशी करावी.

‘लस दिली अन् कोंबड्या मेल्या,’ असे काही घरांत ऐकू येते. त्याचे उत्तर वर सांगितलेल्या दिवसांच्या हिशेबात आहे. शेजारी मर लागल्यावर आपण धावत जातो. तोवर रोग आपल्या कोंबड्यांच्या अंगात शिरलेला असतो, फक्त दिसलेला नसतो. सोमवारी लस दिली, गुरुवारी कोंबडी मेली, म्हणून खापर लसीवर फुटते. आग लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

घरातले चार नियम

लस सगळ्यांनी मिळून घ्यायची, बाकीचे प्रत्येकाने घरी करायचे. मोठ्या शेडसारख्या जाळ्या आणि औषधाचे फवारे आपल्याला परवडणार नाहीत, आणि कोंबडी कोंडून ठेवावी असेही मी म्हणत नाही. ती फिरणारच. तरी चार गोष्टी बिनपैशाच्या आहेत.

पहिली, नवी कोंबडी लगेच कळपात सोडू नये. बाजारातून आणलेली, पाहुण्यांनी दिलेली, लेकीने माहेरी आणलेली, आणि बाजारात न विकता परत आलेली आपलीच कोंबडीसुद्धा नवी समजावी. ती पंधरा ते एकवीस दिवस घराच्या दुसऱ्या अंगाला वेगळ्या डालग्याखाली ठेवावी. तिचे पाण्याचे भांडे वेगळे असावे. दाणापाणी आधी आपल्या निरोगी कोंबड्यांना, मग तिला, आणि मग हात धुवावेत.

दुसरी, मलूल दिसलेली कोंबडी त्याच क्षणी वेगळी करावी. ती विकू नये, कोणाला देऊ नये, बाजाराला नेऊ नये. हा नियम सर्वांत जड आहे आणि सर्वांत कामाचाही हाच आहे.

तिसरी, मेलेली कोंबडी गुडघाभर नव्हे, तीन फूट खोल पुरावी, वर चुना टाकावा आणि कुत्र्याने उकरू नये म्हणून दगड ठेवावा. विहीर, पाट, ओढा यांपासून लांब पुरावी. उसाच्या सरीत टाकून देऊ नये.

चौथी, मर होऊन गेल्यावर खुराडे निदान तीन आठवडे रिकामे ठेवावे. जुनी विष्ठा आणि भुसकट काढून पुरावे, खुराडे धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवावे, चुना मारावा, कडक ऊन लागू द्यावे. मर थांबली की आठ दिवसांत नवी पिले आणून सोडणाऱ्याची पिलेही जातात, आणि मग तो म्हणतो आमच्या घराला कोंबडी लाभत नाही.

झाकून उपयोग नाही

एक गोष्ट मात्र घरात मिटवायची नाही. एकाएकी, कसली लक्षणे न दाखवता, एका-दोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या मेल्या. तुरा आणि गलोल निळे पडले, डोके सुजले. किंवा गावात कावळे मरून पडू लागले, तर तो बर्ड फ्लू असण्याचा संभव असतो. नुसत्या डोळ्यांनी मानमोडी आणि बर्ड फ्लू यांतला फरक डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात आणि तिथून भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात, तेव्हा निकाल लागतो.

हा रोग आपल्यापासून दूर नाही. देशातली पहिली साथ आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला फेब्रुवारी २००६ मध्ये निघाली. लाखो पक्षी मारावे लागले आणि राज्यभर कोंबडी-अंड्याचा बाजार बसला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी, तर जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला मेलेल्या कावळ्यांत तो सापडला. माणसाला तो क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततो. २०२१ साली दिल्लीच्या रुग्णालयात एक लहान मुलगा त्याने दगावला. म्हणून अशा मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये, सोलू नये, कापून आत काय झाले ते पाहू नये, पोरांना जवळ जाऊ देऊ नये. नीट शिजवलेले अंडे-मांस खाण्यास धोका नाही, हेही तितकेच खरे; उगाच भीती घालणाऱ्याचे ऐकू नये.

लोक कळवीत नाहीत, कारण भीती असते. ‘सरकारी माणसे येतील, साऱ्या कोंबड्या मारतील, गावाचे नाव पेपरात येईल.’ ही भीती खोटी नाही. रोग ठरला तर साधारण एक किलोमीटरच्या टापूतले पक्षी मारतात, त्यात शेजाऱ्याचे धडधाकट पक्षीही जातात. पण दुसरी बाजूही ऐकावी. सरकारी हुकमाने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. आधीच मरून गेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे जितका उशीर तितकी भरपाई कमी. शिवाय २००९ च्या कायद्याप्रमाणे संशय आला की गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवणे आणि आजारी पक्षी वेगळे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. कोंबडे झाकले तरी उजाडायचे राहत नाही, अशी म्हण आपल्याकडे आहे. मेलेली कोंबडी झाकली तरी तेच. दवाखान्यात कळवावे, किंवा १९६२ या नंबरवर फोन करावा.

सरकारने आणि कारखान्यानेही या भीतीचा विचार केला पाहिजे. भरपाई वेळेवर आणि बाईच्या हातात पडली, तर पुढच्या वेळी ती आपण होऊन कळवील. ती सहा महिने फाइलीत अडकली, तर पुढच्या वेळी कोंबड्या रात्रीच्या रात्री बाजाराच्या गावी जातील. कायद्याचा धाक एकदा चालतो, विश्वास दरवर्षी चालतो.

काही मंडळी म्हणतील, कारखान्यापुढे उसाचे आणि पाण्याचे प्रश्न काय थोडे आहेत, की कोंबड्यांच्या भानगडीत पडावे? त्यांना मी एवढेच सांगेन की यात कारखान्याचा फार पैसा जात नाही. दोन दिवस, एक यादी, दोन-चार थर्मास आणि थोडी माणसे लागतात. त्या बदल्यात हजारो घरांतल्या बायांना प्रथमच असे वाटेल की हा कारखाना आपलाही आहे. वार्षिक सभेला शेअरचे दाखले घेऊन पुरुष येतात. ज्यांच्या नावावर शेअर नाही, पण ज्या पहाटे उठून बेणे छाटतात, ज्यांच्या पायाला सरीतल्या पाण्याने कुये होतात, त्यांच्याही उत्पन्नाची एक ओळ आपल्या कामकाजात असावी.

येत्या हंगामाची मोळी टाकण्याआधी हा विषय संचालक मंडळाने घ्यावा, अशी नम्र विनंती आहे. तोवर सभासदांनी वाट पाहत बसू नये. आपल्या आळीतल्या दहा घरांच्या कोंबड्या मोजाव्यात. शंभराच्या आसपास भरल्या, की दवाखान्यात जाऊन सांगावे, ‘डॉक्टरसाहेब, कुपी फोडा, आम्ही सगळे आलो आहोत.’

— एक सभासद